देवानं मला अजून कशाला ठेवलंय?

हे वाक्य मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता शेवटी लिहायचंच ठरवलं. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळं ओळखीपाळखीनं ख्रिस्ती घरातले आजी-आजोबा जास्त येतात, आणि सोबत आलेली मुलं खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, मॅडम दिवसभर हेच, जुनंच उगाळत बसायचं, एवढी विश्वासी बाई आणि असं बोलते.

आधी एक महत्त्वाचं. झोप गेलीय, जेवण तुटलंय, मरायचीच भाषा रोज होतेय, तर पहिल्यांदा डॉक्टरकडे न्या. थायरॉईड, बी-१२ बघून घ्या, डिप्रेशन असेल तर त्याचे उपचार करा, तो विश्वासाचा कमकुवतपणा नव्हे. बायबलमधला एलीयासारखा संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन नाही दिलं. झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं.

तर या मावशी. (नाव आणि घरचे तपशील बदललेत.) वय ७९, मिरजेला वानलेस हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकलेल्या, पुढं सरकारी नोकरीत रिटायर. मुलगा घेऊन आला. मी आमच्या ख्रिस्ती पद्धतीनं सलाम म्हटलं, त्यांनी सलाम घेतला आणि म्हणाल्या, "तू पाळकसाहेबांची पोरगी न्हवं? मग मला बायबलची वचनं सांगू नकोस, मला सगळी पाठ हाईत."

मला ते पटलं, कारण पूर्वी मी तेच करायचे, रडणाऱ्या माणसाला पटकन एक स्तोत्र. त्यानं माणूस गप्प होतो, बरा होत नाही.

"आता मी काय करतो सांग," त्या म्हणाल्या (आमच्या कोल्हापूरच्या बायका करतो-जातोच म्हणतात), "बसतो. गुडघं गेलं, चर्च सुटलं, महिला मंडळ सुटलं. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन जित्ती हाय म्हणून सांगायचं, तर मशीनवर अंगठा बी उमटंना."

पुढचे तीन-चार शनिवार मी फक्त ऐकलं. छत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, त्या रात्री त्या ड्युटीवर होत्या. पोरगं लहान, महिन्यातले किती दिवस नाईट. तीच गोष्ट, त्याच क्रमानं, तिथंच येऊन थांबायची. घरच्यांना वाटतं हा चाळा आहे. पण १९६३ साली रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं मांडलं होतं की म्हातारपणी माणूस मागं वळून बघतो ते बुद्धी ढळल्यामुळं नाही, ते या वयाचं कामच आहे, आयुष्य परत हातात घेऊन बघायचं. माझा यावर पक्का विश्वास आहे. गोष्ट अडकते ती ऐकणारा बदलला नाही म्हणून, हे मात्र मला मावशींनीच शिकवलं.

पाचव्या वेळी मी बायबलमधल्या याकोबाची गोष्ट काढली. मेला समजलेला त्याचा मुलगा योसेफ त्याला म्हातारपणी मिसर देशात सापडतो आणि तिथल्या राजापुढं, म्हणजे फारोपुढं, उभा करतो. मी म्हटलं, "मावशी, वचन सांगत नाही, विचारते. याकोबाला फारोनं काय विचारलं होतं?"

"वय." लगेच उत्तर. "तो म्हणला १३० वर्षं झाली, थोडकी आणि कष्टाची."

"आणि मरायच्या आधी, १४७ व्या वर्षी?"

त्यांनी पिशवीतनं बायबल काढलं, चष्मा लावला, उत्पत्तीचा ४८ वा अध्याय काढून बोट फिरवत हळू वाचलं, जन्मभर आजपर्यंत ज्यानं मला मेंढपाळासारखं सांभाळलं तो देव.

"माणूस तोच, आयुष्य तेच," मी म्हटलं, "मग बदललं काय?"

"योसेफ सापडला की मधी."

"फारोसमोर उभा होता तेव्हाही योसेफ सापडलेलाच होता."

मग त्या गप्प झाल्या. खरंच खूप वेळ. बाहेर रिक्षावाल्याचं भांडण चाललेलं, ते संपलं तरी गप्प. मी मुद्दाम काही बोलले नाही, अशावेळी तोंड बंद ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते मला जमतं एवढं मी म्हणेन. मग त्यांनी चष्मा काढला.

"फारोनं वय विचारलं म्हणून त्यानं हिशेब दिला. हितं नातवंडं होती पुढ्यात, एफ्राईम आणि मनश्शे. नातवंडांला कुणी हिशेब देतंय व्हय?"

बघा, बँक वय विचारते, डॉक्टर बीपी विचारतो, मुलगा गोळी घेतली का विचारतो. म्हाताऱ्या माणसाभोवती सगळे फारोच. तर तुमच्याकडं कुणी असं बोलत असेल तर "असं बोलू नये" म्हणू नका, आणि अजून देवाचं काहीतरी काम असेल तुमच्याकडून, असंही घाईनं सांगू नका, कारण गुडघे गेलेल्या माणसाला त्यातनं परत ड्युटीच ऐकू येते. नातवंडाला शेजारी बसवा. "मग तेव्हा तुझ्यासोबत कोण होतं?" एवढंच विचारायला शिकवा.

मावशींच्या नातीनं, कॉलेजला जाणारी आहे, हेच विचारलं. आणि चाळीसएक वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीत एक शेजारीण आली, जी प्रत्येक नाईटला पोराला भाकरी चुरून भरवायची आणि स्वतःच्या पोरांत झोपवायची. मुलगा माझ्यासमोर म्हणाला, मला हे माहीतच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "मी बी इसरलोतो. दुखणं तेवढं ध्यानात ऱ्हायलं."

नवऱ्याच्या त्या रात्रीचं दुःख गेलं नाही, अजून त्या रडतात त्यावर. चर्चला अजूनही जाता येत नाही, पाळकसाहेब महिन्यातनं एकदा प्रभुभोजन घेऊन घरी येतात.

गेल्या नोव्हेंबरला मी घरी गेले होते तेव्हा नात मोबाईलवर हयातीचा दाखला काढत होती. आता चेहरा दाखवून होतं ते. मावशी तिला मिरजेच्या हॉस्टेलचं काहीतरी सांगण्यात रंगलेल्या, आणि ती फोन धरून म्हणत होती, "आजी थांब की गं, आधी डोळं मिचकव, मग सांग पुढचं."