थंड गावी कुंडीतले टोमॅटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कॅनडातल्या कॅलगरीत राहतो. दक्षिणेकडच्या बाल्कनीत दोन वर्षं ब्रँडीवाइन हा टोमॅटोचा वाण लावला. झाड माणसाएवढं वाढतं, पण सप्टेंबरात थंडी येते तेव्हा फळं हिरवीच असतात. एअरलूम (पिढ्यानपिढ्या बी जपून आलेल्या जुन्या वाणांच्या) टोमॅटोचा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : नाद सोडू नका, वाण बदला. बियांच्या पाकिटावरचे दिवस पेरणीपासून नव्हे, रोप बाहेर लावल्यापासून मोजतात. ब्रँडीवाइनला ते ८० ते ९० लागतात, तेही रात्री उबदार असतील तर. कॅलगरीत रोप मेअखेरीस बाहेर जातं आणि सप्टेंबरच्या मध्यापासून फ्रॉस्टची, म्हणजे झाडं गोठवणाऱ्या थंडीची, धास्ती असते. मधला काळ पुरेसा वाटतो, पण जुलैतही तिथलं रात्रीचं सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं आणि त्याखाली टोमॅटोची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून ५५ ते ६५ दिवसांचे वाण घ्या. आमची पहिली पसंती स्टुपित्से या चेक वाणाला. फळं लहान, पण चव भरपूर. वेल मात्र उंच जातो, भक्कम काठी हवी. जागा कमी असेल तर ग्लेशियर, किंवा गाजरासारख्या पानांचा, दोन फुटांवर थांबणारा रशियन सिल्व्हरी फर ट्री. काळसर फळांचा ब्लॅक क्रिम हवाच असेल तर उन्हाच्या भिंतीला टेकून त्याची एकच कुंडी ठेवा.

बुटक्या वाणाला २० लिटरची कुंडी पुरते, उंच वाणाला ४० लिटरची लागते. रंग गडद असावा, म्हणजे मुळं लवकर तापतात. बागेतली माती भरू नका. ती कुंडीत दबून घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांचं मिश्रण आणि एक भाग कुजलेलं कंपोस्ट घ्या.

बी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरात पेरा, अर्धा सेंटिमीटर खोल. २५ अंशांच्या उबेत ते ५ ते १० दिवसांत उगवतं. नुसत्या खिडकीच्या उजेडावर रोपं लांबुडकी आणि लेची होतात, म्हणून दिवा रोज १४ ते १६ तास लावा. बाहेर लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोपांना हवेची सवय करा : पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू उन्हात. कॅलगरी १,००० मीटरहून उंच आहे. तिथल्या उन्हात कोवळी पानं थेट ठेवली तर पांढरी पडून करपतात.

लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा. पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात. रात्री तापमान ७ अंशांखाली जाणार असेल तर कुंडी आत घ्या. कुंडीचा मोठा फायदा हाच, त्यामुळे खाली चाकांची पाटी असू द्या. पानं मागून जांभळी दिसली तर लगेच खत घालू नका. थंड मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. ऊब मिळाली की नवी पानं हिरवी येतात.

प्रश्न : एडिनबरा. फुलं भरपूर येतात आणि देठासकट गळतात. खत कमी पडतंय का?

उत्तर : उलट, नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तरी फुलं गळतात. पण तुमच्याकडे मुख्य कारण गारवा असावा. रात्रीचं तापमान १३ अंशांखाली राहिलं की पराग नीट तयार होत नाहीत, आणि दमट हवेत जे झाले तेही चिकटून बसतात. कोरड्या दुपारी फुलांच्या घोसामागे इलेक्ट्रिक टूथब्रश दोन-तीन सेकंद टेकवा. पहिलं फळ धरल्यावर पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं टोमॅटोचं द्रवखत पाकिटावरच्या मात्रेत आठवड्यातून एकदा द्या. कुंडी छपराखाली सरकवा. पानं सतत ओली राहिली की करपा येतो : तपकिरी-काळे डाग पसरत जातात आणि चार-पाच दिवसांत झाड जातं. असं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका.

प्रश्न : सिएटल. फळाचा बुडखा काळा, चामड्यासारखा होतो. अंड्याची टरफलं घालून उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही. टरफलं विरघळायला खूप काळ जातो, आणि कुंडीत कॅल्शियम बहुधा असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोहोचतं. माती एकदा सुकून एकदा चिंब झाली की ही वाट तुटते. बोट दोन सेंटिमीटर खुपसून पाहा, कोरडं लागलं की तळातून पाणी गळेपर्यंत द्या. उन्हाळ्यात हे रोज करावं लागेल. वर पेंढ्याचा थर घाला. काळी फळं तोडून टाका. पुढची चांगली येतात.

प्रश्न : हंगाम संपताना हिरव्या फळांचं काय करावं?

उत्तर : फ्रॉस्टच्या महिनाभर आधी वेलाचा शेंडा आणि नवी फुलं खुडा, म्हणजे झाडाची ताकद लागलेल्या फळांकडे जाते. पूर्ण वाढलेली, फिकट पडलेली फळं १८ ते २१ अंशांत, उन्हाबाहेर, कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका, चव मरते. गडद हिरवी, टणक फळं पिकत नाहीत. त्यांची शेंगदाण्याचं कूट आणि तीळ घालून चटणी करा.