४ फुटी फिशटँकसाठी घरीच लाकडी स्टँड बनवायचा आहे. दीड बाय तीन इंची पट्ट्या पुरतील का?

पुरतील. स्टँड दगा देतो तो बहुधा जोडात, लाकडात नाही.

आधी वजन बघा. १२० × ४५ × ४५ सेंमी टाकीत काठोकाठ २४३ लिटर पाणी मावतं, म्हणजे २४३ किलो. त्यात काच, वाळू, दगड धरले की सव्वातीनशेच्या आसपास जातं. हा सगळा भार उभ्या पायांवर थेट टेकला पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. माझ्या पहिल्या स्टँडला मी वरची चौकट पायांच्या बाजूला नुसती स्क्रूने ठोकली होती. काही महिन्यांत ती इतकी खाली बसली की फटीत आगपेटीची काडी जायची! टाकी रिकामी करून, मासे बादलीत ठेवून सगळं पुन्हा केलं. आता चौकट पायांच्या डोक्यावरच बसवतो. स्क्रू फक्त पट्ट्या जागेवर धरायला.

दुसरा धोका डुलण्याचा. चार पाय कितीही जाड घ्या, मागे प्लायवुड किंवा तिरकी पट्टी नसेल तर स्टँड एका बाजूला कलतोच. प्लाय वॉटरप्रूफ घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको; पाणी लागलं की फुगतो.

वरचा भाग लेव्हल लावून तपासा. लांबीत, रुंदीत आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात. उतार असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, टाकीखाली कधीच नाही, काच तडकते. टाकीला खाली प्लॅस्टिकची फ्रेम नसेल तर पातळ फोम अंथरा.

आणि हो, स्टँडच्या आतल्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर राहणारा, पाइपने जोडलेला डब्यासारखा फिल्टर) ठेवणार असाल तर त्याची उंची पाइपसकट आधीच मोजा.