जास्त पिकवलं तर रान आपोआप वाचतं का?

प्रश्न: भाई, आमचं शेत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, रानाला अगदी लागून. दोनेक एकर सरद शेती, म्हणजे पावसाळी भात, आणि मागं आजोबांनी लावलेलं कुळागर, म्हणजे पोफळी-माडाची मिश्र बाग. धाकटा भाऊ कृषी कॉलेजातनं शिकून आलाय, तो म्हणतो सुधारित बियाणं, खत, पंप सगळं घालून आहे त्या जागेत डबल काढूया, वरचा डोंगर आपोआप रानाला राहील. बाबा म्हणतात आमची जुनी शेतीच रानाला सोसते. रात्री जेवताना रोज हाच वाद. खरं कोणाचं?
(एक वाचक, सत्तरी)

उत्तर: बाब, भावाचं थोडं जास्त, पण हे बाबांना वाचून दाखवू नका.

घाना आणि आपल्या उत्तर भारतात शास्त्रज्ञांनी पक्षी नि झाडं मोजून बघितली, २०११ साली त्याचा निकाल छापून आला. सगळीकडं सौम्य शेती पसरवण्यापेक्षा थोड्या जागेत जोरात पिकवलं आणि बाकीचं रान अखंड ठेवलं तर जास्त जातींचं भलं होतं असं निघालं, कारण बऱ्याच पाखरांना बांधावरचं एकटंदुकटं झाड चालतच नाही, त्यांना गर्द रानच लागतं.

पण भावाचा तो 'आपोआप' मला खटकतो. पंजाबात बघा, भाताचा उतारा देशात वरच्या नंबरात आणि जंगल जेमतेम तीन-चार टक्के. आता पंजाबानं पिकवलं म्हणून दुसरीकडचं रान वाचलं असंही कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही, पण पंजाबात मात्र रान परत आलं नाही ना. शेतीत पैसा दिसला की माणूस अजून जमीन शोधतो. आपल्याकडं तर रान भातासाठी जातच नाही, डोंगरावर काजू चढतो, मग रस्ता येतो, मग प्लॉट पडतात, आणि खाली सपाट शेतं पड राहतात नि आपण बाहेरच्या राज्यातला रेशनचा तांदूळ शिजवतो. म्हादई अभयारण्याची रेघ १९९९ साली सरकारनं ओढली, तुमच्या डोंगराची घरात बसून तुम्हालाच ओढावी लागेल. आधी ती, मग युरिया.

कुळागराला मात्र भावाला हात लावू देऊ नका. पोफळी, माड, मिरी, केळी, फणस, वर सावली, खाली पाट, असलं अर्धं रानच असतं ते. शेजारी उत्तर कन्नडात असल्याच जुन्या सुपारीच्या बागांचा अभ्यास झाला, २००८ साली छापला गेला, तिथं रानातले बहुतेक पक्षी बागेतही सापडले. पण त्या बागा पालापाचोळा शेजारच्या रानातनं आणतात, म्हणजे रान गेलं की बागही गेली. बाबांचं इथं शंभर टक्के खरं. सगळं तोडून नुसत्या पोफळी लावल्या तर चार पैसे जास्त मिळतील कदाचित, पण बाकी काही उरणार नाही.

(तिसवाडीतला एखादा वाचक लगेच विचारील, मग आमच्या खाजनाचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीचं काय? तिथं हा वादच लागू नाही. मानस म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी दारं, बांध, खारं पाणी, त्यात टिकणारा कोरगूट जातीचा भात, उतारा कमीच येणार. पण ते सोडून दिलं तर डोंगरावरचं रान येत नाही, बांध फुटून भरतीचं पाणी घुसतं, फार तर खारफुटी वाढते. आणि सुधारित म्हणजे परकं असंही नाही हो, एला इथल्या केंद्रीय कृषी संस्थेनं 'गोवा धान' नावाच्या जाती काढल्या, त्यातल्या काही ह्याच कोरगुटातनं निवडलेल्या आहेत.)

तर तुम्ही असं करा. सगळं सरद शेत भावाच्या हाती देऊ नका, एक कुणगा, म्हणजे शेताचा एक तुकडा, द्या दोन वर्षं, बाजूचा बाबांचा, दोघांचा खर्चही लिहून ठेवा नाहीतर नुसतं भात मोजून भाऊच जिंकणार. युरिया एकदम ओतायचा नाही, तीन हप्त्यांत घालायचा, आणि जोराचा पाऊस असेल तेव्हा तर नाहीच, आपल्या जुलैच्या पावसात तो सरळ ओहोळात जातो, तिथनं म्हादई नदीत. दोन सुगी झाल्या की कोणाचं किती खंडी झालं ते कळवा.