प्रार्थना, उपास, वाचन सगळं नेमानं करूनही आत्मिक वाढ का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की पहाटे चारला उठता, रोज बायबलचे चार अध्याय वाचता, २१ दिवसांचा उपास तेराव्या दिवशी मोडला आणि राग अजून आहे तिथंच आहे. शेवटी विचारलंय, 'माझं काय कमी पडतंय?' याच एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलोय, कारण हा प्रश्न नाशिकच्या मंडळ्यांमधून (चर्चमधून) मी इतक्यांदा ऐकलाय आणि त्याला दिलेली चुकीची उत्तरंही तितक्याच वेळा.

तुमचं काही कमी पडत नाहीये. तुम्ही मुळात चुकीच्या खात्यावर जगताय. तारण कृपेनं आणि पुढची वाढ आपल्या घामानं, अशी वाटणी प्रेषित पौलानं आपल्या पत्रांत कुठंही केलेली नाही. गलतीकरांस ३:३ मध्ये तो यावरच चिडलाय: सुरुवात आत्म्यानं केलीत आणि आता शेवट देहानं करणार का? ते पत्र विश्वास न ठेवणाऱ्यांना लिहिलेलं नाही. ते तुमच्या-आमच्यासारख्या, बाप्तिस्मा झालेल्या, कष्टाळू लोकांना आहे.

आता योहान १५, जिथं येशू स्वतःला द्राक्षवेल आणि आपल्याला फाटे म्हणतो. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून आपण हा अध्याय इतका उलटा कसा शिकवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. उपदेश होतो तो 'फळ द्या, नाहीतर तोडले जाल' असा. वचनं नीट मोजा. ४ ते १० या सात वचनांत मूळ ग्रीकमध्ये 'राहणे' हे एकच क्रियापद दहा वेळा आलंय, आणि आज्ञा त्याचीच आहे: माझ्यामध्ये राहा. 'फळ द्या' अशी आज्ञा या अध्यायात नाही. जो राहतो तो फळ देतो, एवढंच सांगितलंय. आणि छाटणी? माळी पिता आहे. दुसऱ्या वचनातलं 'साफ करणं' आणि तिसऱ्या वचनातलं 'वचनामुळे शुद्ध झालेले' हे शब्द ग्रीकमध्ये एकाच मुळाचे आहेत. म्हणजे कात्री वचनाची आणि हात पित्याचा. फाटा स्वतःची छाटणी करत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, घड कधी तयार होतो? नवखा माणूस म्हणेल, ऑक्टोबर छाटणीनंतर. चूक. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ओलांड्यावर (वेलाच्या आडव्या फांदीवर) नव्या फुटी येतात, सबकेन करतात, म्हणजे शेंडा खुडून बाजूची काडी वाढवतात, आणि त्या छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, काडीच्या डोळ्याच्या (अंकुराच्या) आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून काहीही दिसत नाही. त्या दिवसांत पानांची दाटी झाली, डोळ्यांना ऊन मिळालं नाही, नत्र आणि पाणी जास्त झालं, तर बाग हिरवीगार दिसते आणि पुढे घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. म्हणून जाणता माणूस ऑक्टोबरात कात्री लावायच्या आधी काड्या डोळे तपासणीला नेतो, घड कितव्या डोळ्यात आहे ते बघतो आणि त्याच्या पुढे एक डोळा राखून काडी छाटतो. मग डोळ्यांना फूट आणणाऱ्या रसायनाची पेस्ट लावतात. पेस्टनं फूट लवकर आणि एकसारखी येते. पण डोळ्यात घडच नसेल तर पेस्ट घड आणत नाही.

आपल्या उपास-जागरणाच्या सभा ही पेस्ट आहे. मी सभांच्या विरोधात नाही. पण मे-जूनमध्ये उन्हात न राहिलेल्या काडीला ऑक्टोबरात पेस्ट चोपडून द्राक्षं मागायची, आणि आली नाहीत की काडीलाच दोष द्यायचा, हे मी फार बघितलंय. आणि मुळांचं तर विसरूनच जातो आपण. बहुतेक बागांत वर कलम थॉमसन जातीचं आणि खाली खुंट, म्हणजे मुळांचा भाग, डॉगरिज जातीचा असतो. खारं पाणी, पाण्याचा ताण झेलतो तो खुंट. रोमकरांस ११:१८ मध्ये हेच आहे: तू मुळाला आधार दिलेला नाहीस, मूळ तुला आधार देतंय.

आता ज्यावरून माझं काही वडीलधाऱ्यांशी जुनं भांडण आहे, ते सांगतो. एका मंडळीत तरुणांसाठी तक्ता छापला होता. सात रकाने: प्रार्थनेची मिनिटं, अध्याय, पाठ वचनं, उपास, साक्ष, दशांश, हजेरी. रविवारी उपासनेनंतर तो गोळा करायचे. चौथ्या आठवड्यापर्यंत मुलांचे दोनच गट उरले. एक, शनिवारी रात्री एका बैठकीत आठवडाभराचे रकाने भरणारे. दोन, रविवारी यायचेच बंद झालेले. पहिल्यांना खोटं बोलायची सवय लागली, दुसऱ्यांना वाटायला लागलं की देवालाच आपण नकोत. 'तक्ता काढला तर पोरं झोपतील,' असं मला सांगितलं गेलं. लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यात परुशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी) आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात; त्यातल्या परुश्याचा तक्ता पूर्ण भरलेला होता. नियमशास्त्रात ठरलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, आणि हा आठवड्यातून दोनदा करत होता. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मला यावर आजपर्यंत कुणी उत्तर दिलेलं नाही.

हा वाद आपला एकट्याचा नाही म्हणा. देवा, तू जी आज्ञा करतोस ते आधी दे आणि मग हवी ती आज्ञा कर, अशी चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनची प्रार्थना होती. ती त्याच काळातल्या पेलाजियस या शिक्षकाला खटकली, कारण त्याच्या मते आज्ञा दिली म्हणजे पाळायची ताकद माणसात असणारच. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसची शिकवण नाकारली. आपण मात्र ती दर सोमवारी सकाळी परत सुरू करतो.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. चार अध्याय थांबवा. इफिसकरांस १ ते ३ घ्या आणि महिनाभर तेवढंच वाचा, दिवसाला दहा-बारा वचनं. या तीन अध्यायांत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, २:११ मधलं 'आठवण करा'. करायच्या गोष्टींची रांग लागते ती चौथ्या अध्यायापासून. रागाबद्दल बोलणं ४:२६ ला येतं, म्हणजे देवानं काय केलंय हे तीन अध्याय सांगून झाल्यावर. तुम्ही बहुतेक थेट तिथूनच सुरुवात करताय. रोमकरांस पत्रातही वाचकांना पहिली आज्ञा ६:११ ला येते आणि तीही 'माना' अशी: पापाला मेलेले, देवासाठी जिवंत, असं स्वतःला माना. 'करा' त्यानंतर.

राग आला, बोलून गेलात, की त्याच क्षणी पापाची कबुली द्या, १ योहान १:९ प्रमाणे, त्या पापाचं नाव घेऊन. इथं बहुतेकांची गाडी अडकते. दोन-तीन दिवस स्वतःला शिक्षा म्हणून प्रार्थना टाळायची, थोडं चांगलं वागायचं आणि मग देवासमोर जायचं. हे दोन-तीन दिवस म्हणजे येशूनं वधस्तंभावर केलेल्या कामाला आपली भर घालणं आहे. इब्री ४:१६ मध्ये कृपासनाजवळ, म्हणजे देवाच्या कृपेच्या सिंहासनाजवळ, धैर्यानं यायला सांगितलंय, आणि तेही ऐन गरजेच्या वेळी. मग ज्याला बोललात त्याची माफी मागा, त्याच दिवशी.

प्रार्थनेत 'मी यापुढे रागावणार नाही' असं वचन देणं बंद करा. फिलिप्पैकरांस २:१३ प्रमाणे इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो, तर आधी इच्छा मागा. 'प्रभू, मला क्षमा करायची इच्छाच नाहीये, ती दे' ही चांगली, पूर्ण प्रार्थना आहे.

वाढ किती दिवसांत दिसते, असंही विचारलंत. दिवस कुणी सांगू शकत नाही. पण बघायचंच असेल तर पडल्यापासून देवाकडे परत यायला किती वेळ लागतो ते बघा. आधी आठवडा लागायचा, आता संध्याकाळपर्यंत येता, तर डोळ्यात घड धरलाय. (याचाही तक्ता करू नका.)

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कृपा म्हणजे ढिलाई असा अर्थ कुणी काढू नये. पौल १ करिंथकरांस १५:१० मध्ये म्हणतो की त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच सांगतो की ते कृपेनं झाले. तीताला २:१२ मध्ये कृपाच शिस्त शिकवते. वाचन आणि प्रार्थना या ठिबकच्या नळ्या आहेत. नळी पाणी तयार करत नाही, पण तुंबली तर वेल सुकणारच. तुम्ही कॅथलिक असाल तर पापस्वीकार आणि कृपेशी सहकार्य यांची मांडणी तुमच्याकडे वेगळी आहे, ती तुमच्या फादरांकडून समजून घ्या. राग घरात हात उचलण्यापर्यंत गेला असेल तर फक्त प्रार्थनेवर सोडू नका, पाळक आणि समुपदेशक दोघांशीही याच आठवड्यात बोला. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही लांब उपास नको.

मोडलेला उपास पुन्हा पहिल्या दिवसापासून धरायचा का? नाही. आज रात्री जेवा. आणि येत्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर 'मी लायक नाही' म्हणून मागच्या बाकावर बसून राहू नका. १ करिंथकरांस ११ मधलं 'अयोग्य प्रकारे' हे बोलणं काहीजण पोटभर खाऊन-पिऊन गरिबांना उपाशी ठेवत होते त्यावरून आहे, आणि २८ व्या वचनात स्वतःची परीक्षा करून मग खावं, असंच लिहिलंय. पुढे या आणि घ्या.