सिव्हिल लागलंय, म्हणजे इंजिनिअर नाही का?

नेरुळच्या एका ताईंनी लिहिलंय की मुलीला इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये (म्हणजे प्रवेशफेरीत) सिव्हिल शाखा लागलीय, ती रडतेय की कोडिंग नाही तर मी कसली इंजिनिअर, आणि मामा म्हणतोय ड्रॉप घे, परत सीईटी देऊन कॉम्प्युटर मिळव.

ताई, ड्रॉप नको. पर्सेंटाइल वाढेलही, पण 'इंजिनिअर म्हणजे कोण' हा तिचा प्रश्न पुढच्या वर्षी पण तिथेच असणार.

सिव्हिल म्हणजे मुळात फक्त 'बिनलष्करी', बरं का. अठराव्या शतकात इंग्लंडात इंजिनिअर म्हटलं की लष्करातला, किल्ले-तोफांचं बघणारा. जॉन स्मीटन स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घ्यायला लागला, त्याला एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधायचं होतं आणि साधा चुना समुद्राच्या पाण्यात घट्टच होईना, मग हा ठिकठिकाणचा चुनखडक आणून भाजून पाण्यात टाकून बघत बसला, तेव्हा कळलं की ज्या चुनखडकात चिकणमाती असते त्याचा चुना पाण्याखाली पण धरतो. दीपगृह १७५९ मध्ये उभं राहिलं.

आपल्याकडे विश्वेश्वरय्यांचं तेच. खडकवासल्याचा साठा वाढवायचा पण धरणाची भिंत उंच न करता, तर त्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दार उघडणार, उतरलं की मिटणार.

आणि लांब कशाला, तुमच्या नेरुळचं होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरायचं तळं, बघा. भरतीला खाडीचं पाणी चढतं, त्याच्या दाबाने तोंडावरची झडप मिटते आणि पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून खाडीत जातं. ना मोटर, ना कोड. पण आता ह्या तळ्यांत गाळ साठलाय, त्यावर खारफुटी उगवलीय, ती तोडायची तर हायकोर्टाची परवानगी लागते, मग पाणी मावणार कुठे? हा प्रश्न अजून सुटायचाय, आणि त्यात पाण्याचा हिशोब मांडायला कोडिंग पण लागेलच, ते तिने आवर्जून शिकावं, कॉलेजात कॉम्प्युटरचं मायनर (मुख्य शाखेच्या जोडीला घ्यायचा दुसरा विषय) मिळतंय का ते ॲडमिशनच्या दिवशीच विचारून घ्या.

तोवर एवढं करा, मोठ्या भरतीची वेळ बघून तिला पॉन्डवर घेऊन जा, ओहोटी लागेपर्यंत थांबा, छत्री न्या. मामालाही न्या.