पूर्ण भूल दिल्याने प्रतिकारशक्ती मरते का?

तुमचा प्रश्न असा: आईला शुगर आहे, पुढच्या आठवड्यात वर्ध्याला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे, आणि गावात सांगतात की पूर्ण भुलीने प्रतिकारशक्ती मरते, कॅन्सर पसरतो. मग कमरेतल्या सुईवर भागेल का?

मी भूलतज्ज्ञ आहे. प्रतिकारशक्ती मरत नाही, काही दिवस मंदावते. त्यातही मोठा वाटा खुद्द ऑपरेशनच्या ताणाचा. चिरा बसला की शरीर कॉर्टिसोल आणि ॲड्रेनॅलिन ही ताणाची संप्रेरकं सोडतं. त्याने रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटतात आणि भटक्या कॅन्सरपेशी मारणाऱ्या एनके पेशी ढिल्या पडतात. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलीचे वायू त्यात थोडी भर घालतात. पांढऱ्या पेशी ज्या एलएफए-1 प्रथिनाच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, त्यालाच हे वायू जाऊन बसतात, म्हणून त्या पेशींना जखमेपर्यंत पोचणं जड जातं. मॉर्फिननेही एनके पेशी मंदावतात. शिरेतून देतात ते पांढरं प्रोपोफॉल त्या मानाने सौम्य.

हे सगळं प्रयोगशाळेत दिसलं, म्हणून प्रत्यक्ष पेशंटवर ताडून पाहिलं गेलं. स्तनाच्या कॅन्सरच्या 2,108 बायकांचा अभ्यास 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अर्ध्या जणींना मणक्याशेजारचा ब्लॉक (तिथे सुई देऊन छातीच्या नसा बधिर करणं) आणि प्रोपोफॉल, बाकीच्यांना सेव्होफ्लुरेन आणि मॉर्फिनसारखी औषधं. कॅन्सर उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, साधारण 10 टक्के. तेव्हा भुलीच्या भीतीने तारीख पुढे ढकलू नका. कमरेतली सुई या ऑपरेशनला चालत नाही, तिचा बधिरपणा छातीपर्यंत नीट चढत नाही. मणक्याशेजारचा ब्लॉक मिळत असेल तर जरूर घ्या, कारण ऑपरेशननंतर लगेचचं दुखणं कमी राहतं.

खरी काळजी जखम पिकण्याची करा, आणि त्यात थंडी फार नडते. 1996 मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या 200 पेशंटवर अभ्यास झाला: अंग 36.6 अंश सेल्सिअसवर राखलेल्यांत 6 टक्के जखमा पिकल्या, 34.7 पर्यंत उतरलेल्यांत 19 टक्के. गारठ्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला ऑक्सिजन कमी पडतो, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजनच लागतो. बाहेर मे महिन्याचं 45 अंश ऊन असलं तरी ओटीत (ऑपरेशनच्या खोलीत) एसी असतो आणि भुलीत अंग स्वतःला गरम ठेवू शकत नाही. आत नेईपर्यंत आईच्या अंगावर ब्लँकेट राहू द्या. आत गरम हवेचं ब्लँकेट किंवा कोमट सलाईन देणार का, हे विचारा. असं विचारल्याचा कोणी राग मानू नये.

शुगर 180 च्या वर राहिली की याच पेशी आळसावतात. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे (डापाग्लिफ्लोझिन वगैरे), ती 3-4 दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. ही गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. बाकीच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्यांच्याच सल्ल्याने. आदल्या रात्रीपासून निर्जळ ठेवण्याची आपल्याकडची रीत सोडा. जेवण आणि दुधाचा चहा 6 तास आधी थांबवायचा, तेलकट जेवण 8 तास. साधं पाणी साधारणपणे 2 तास आधीपर्यंत चालतं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन, बहुतेक वेळा सेफाझोलिन 2 ग्रॅम, चिऱ्याच्या आधीच्या तासाभरात जायला हवं. वॉर्डात सकाळीच टोचून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रोपोफॉलबद्दल एक. ते सोयाबीन तेलात कालवलेलं असतं, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. सिरिंजमध्ये भरलं की 6 तासांत संपवायचं आणि उरलेलं फेकायचं. अर्धी बाटली दुसऱ्या पेशंटला कधीच नाही.

आपल्या विदर्भात आणखी दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. सिकलसेलची (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर सॉल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक रक्तचाचणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर पुढे खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी. सिकलसेलच्या पेशंटची प्लीहा अनेकदा नीट काम करत नाही, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि ऑपरेशनमध्ये थंडी, कमी पाणी किंवा कमी ऑक्सिजन झाला की क्रायसिस येऊ शकतो, म्हणजे वाकड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात. दुसरं, आई खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असेल तर लपवू नका, त्याने तोंड कमी उघडू शकतं. आजच बंद करा आणि तोंड किती उघडतं ते बघा. तिची स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर श्वासाची नळी घालायला वेगळी तयारी लागते, आणि ते भुलीच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच कळायला हवं.