माऊस कोणाच्या हातात?

“मॅडम, ही विसरायच्या आजाराची सुरुवात तर नाही ना?” ठाणे शहरात माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 52, नेरुळच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. कॉलेजने हजेरी, गृहपाठ, गुण सगळं ऑनलाइन प्रणालीवर नेलं आणि बाईंची झोप उडाली. वर्गाचे गुण भरून ‘सेव्ह’ दाबावं, तर समोर पुन्हा लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं! “स्वेच्छानिवृत्ती घेऊ का?” इथवर मजल गेली होती.

आधी विस्मरणाचं पाहिलं. शिकवताना अडखळणं नाही, घरची बिलं वेळेवर, नेरुळ लोकलच्या वेळा तोंडपाठ. गोंधळ फक्त त्या एका स्क्रीनवर. पैशांचे व्यवहार किंवा रोजचा रस्ता चुकत असता, तर मी थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

खरी मेख स्टाफरूममध्ये होती. अडलं की त्या एका तरुण शिक्षिकेला हाक मारायच्या. ती गुणी मुलगी “द्या मॅडम, मी करते” म्हणून माऊस घ्यायची, चार क्लिकमध्ये काम संपवायची. बाईंच्या पदरात पडायचं एवढंच, की तिला जमतं, मला नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून पार पाडल्यावर. दुसऱ्याचं पाहून किंवा कुणी धीर देऊन तो तितका येत नाही. आणि कॉलेजचं प्रशिक्षण काय, तर सभागृहात दाखवलेल्या स्लाइड्स. “टायट्रेशनचा प्रयोग नुसता पाहिलेल्या मुलाच्या जर्नलवर तुम्ही सही कराल का?” असं विचारलं, तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

मग ठरलं, की माऊस बाईंकडेच राहील, ती मुलगी फक्त तोंडाने सांगेल. पायऱ्या बाईंनी आपल्या वहीत, आपल्या शब्दांत लिहायच्या. गुण आधी एक्सेलमध्ये.

लॉगिनचा प्रश्न मात्र वेगळा. पान बराच वेळ उघडं राहिलं की अशा प्रणाली सुरक्षेसाठी आपोआप बाहेर काढतात, आणि सेव्ह न झालेलं उडतं. त्यावर आत्मविश्वासाचे डोस पाजून काय उपयोग? स्क्रीनशॉट जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, म्हटलं. अर्जावर आणखी काही सह्या आल्या. त्यात त्या तरुण शिक्षिकेचीही होती. तिचेही गुण उडाले होते, ती कुणाला बोलली नव्हती.